मदत हवी आहे : विश्वेदेव म्हणजे नक्की कोण?

नमस्कार मंडळी. गिरगावात आमच्याकडे महालयाचं श्राद्ध असतं. त्यात गुरुजी 'धूरिलोचनसंज्ञक विश्वेदेव' म्हणतात, पितरांच्या आधी त्यांना पान मांडतात. बाबांना विचारलं तर, "अरे, विश्वेदेव म्हणजे सगळे देव!" पण मग सगळ्या देवांसाठी 'धूरि' आणि 'लोचन' ही दोनच नावं कशी?

थोडं वाचलं. ऋग्वेदात 'विश्वे देवाः' असे दोन सुटे शब्द येतात, अर्थ सरळ : सर्व देव. 'आ नो भद्राः' हे सूक्त (१.८९) त्यांचंच. पण पुराणांत हे दक्षकन्या विश्वा आणि धर्म यांचे पुत्र, दहाजणांचा वेगळा गण. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातही आदित्य, वसू, रुद्र यांच्या रांगेत गणदेवता, म्हणजे गटाने येणारे देव म्हणूनच. मला तर वाटतं, आधी विशेषण होतं, त्याचं पुढे नाव झालं आणि मग त्या नावाला आईही मिळाली!

जाणकारांनी सांगावं, हा बदल ऋग्वेदातच सुरू झालेला दिसतो की ब्राह्मणग्रंथांत (वेदांतल्या यज्ञविधींचं विवेचन करणाऱ्या नंतरच्या ग्रंथांत)? आणि मुळात पितरांच्या कामात यांना पहिला मान का? कृपया 'श्रद्धेचा विषय आहे' एवढंच लिहू नका, ते आत्याने ऐकवून झालंय.