‘टॉनिक सिग्नल’ला मराठीत काय म्हणायचं?

पारसिक_टेकडी
नवी मुंबईतल्या एका आरोग्य प्रदर्शनासाठी ‘ब-पेशी कशा घडतात’ (ब-पेशी म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) हा फलक मराठीत करायचाय. अडलंय ते ‘टॉनिक सिग्नल’वर. कच्च्या खर्ड्यात ‘बलवर्धक संकेत’ केलंय. वाचणारा थेट च्यवनप्राशाकडे वळेल. आशय असा: पेशीच्या अंगावरचा रिसेप्टर, त्याला काहीही चिकटलेलं नसताना, आत हलकासा निरोप देत राहतो. तो थांबला की पेशी मरते. ‘सतत संकेत’ चालेल?

मासुंदा
‘सतत’मध्ये खंड नाही एवढंच कळतं, जोर किती ते कळत नाही. इथे सगळा खेळ जोराचा आहे. कोवळ्या पेशीला अस्थिमज्जेत जोरदार संकेत मिळाला तर तिची धडगत नाही, आणि मंद संकेत मिळालाच नाही तरी नाही. १९९७ साली उंदरांच्या पूर्ण वाढलेल्या ब-पेशींतून रिसेप्टर काढून टाकला, तर त्या काही दिवसांत नाहीशा झाल्या. समईसारखं आहे हे. ‘तेवता संकेत’ करा.

येऊर
टॉनिकचं मूळ ग्रीक ‘टोनॉस’, म्हणजे ताण. आपला ताण, तान, तंतू हे सगळे त्याच घराण्यातले. पाश्चात्त्य संगीतात टॉनिक म्हणजे षड्ज. मागे तानपुरा वाजतोय तसा ‘आधारसंकेत’.

पारसिक_टेकडी
तानपुरा थांबला म्हणून गवई मरत नाही.

नौपाडा_वैद्यकी
आधी रिसेप्टरचं बघा. कुणी ‘ग्राही’ सुचवायच्या आत सांगतो: आयुर्वेदात ग्राही म्हणजे मल बांधणारं, जुलाब थांबवणारं. जायफळ ग्राही. ‘ब-पेशीवरील ग्राही’ वाचून आमच्याकडे हसतील.

कोपरखैरणेकर
मग काय ‘ग्राहक’ म्हणायचं? तो ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला जाईल. रिसेप्टरच ठेवा. स्टेशनला स्थानक म्हणून गाडी लवकर येत नाही.

येऊर
अशानेच भाषा बसते. ग्राही विज्ञानाच्या मराठीत रुळलाय. एका शब्दाचे दोन अर्थ आपल्याला नवे नाहीत.

कोपरखैरणेकर
दोन अर्थांचा त्रास पुढच्याच ओळीत आहे. खर्ड्यात ‘रिसेप्टर एडिटिंग’चं ‘ग्राही-संपादन’ असणार, पैज लावतो. इकडे संपादन म्हटलं की भूसंपादन, सिडको, साडेबारा टक्के. इथे काही ताब्यात घेतलं जात नाही. रिसेप्टर स्वतःच्याच शरीराला घट्ट चिकटतोय असं दिसलं की पेशी त्याची हलकी साखळी (रिसेप्टरात प्रथिनाच्या जड आणि हलक्या अशा साखळ्या असतात) नव्याने जुळवते. हलक्या साखळीचे प्रकार दोन, कप्पा आणि लॅम्डा. आधी कप्पाच्या जनुकाचे उरलेले तुकडे वापरून बघते, नाही जमलं तर लॅम्डा. जड साखळी सहसा तीच राहते. याला ‘फेरजुळणी’ म्हणा.

पारसिक_टेकडी
पैज जिंकलात. फेरजुळणी घेतो. टॉनिकचं राहिलंय.

मासुंदा
त्याहून मोठी चूक ‘सकारात्मक निवड’ आणि ‘नकारात्मक निवड’ ही असेल. मराठीत निवडणं दोन तऱ्हांचं आहेच की. मेथी निवडतो तेव्हा हवी ती पानं खुडून घेतो, बाकी जुडी टाकतो. तांदूळ निवडतो तेव्हा नको ते खडे काढतो, बाकी सगळं ठेवतो. ब-पेशीला दोन्हींतून जावं लागतं.

पहिली मेथी. जड साखळीच्या जनुकाचे तुकडे जोडताना सांध्यावर डीएनएची अक्षरं वाढतात, गळतात. वाचन तीन-तीन अक्षरांचं, त्यामुळे ढोबळमानाने तीनांतल्या दोन जोडण्या फुकट. एका गुणसूत्रावर फसलं तर दुसऱ्यावर प्रयत्न, तिथेही फसलं तर पेशी संपली. जमलं, तर ती साखळी एका बदली हलक्या साखळीशी (बदली कामगारातली ‘बदली’) जोडी करून पृष्ठभागावर येते. हा पूर्व-रिसेप्टर. त्याच्या शेपट्या आखूड, म्हणून शेजारची इग-अल्फा आणि इग-बीटा ही प्रथिनं निरोप आत नेतात, आणि आत लिन, सिक, बीएलएनके, बीटीके ही प्रथिनं तो हातोहात पुढे देतात. निरोप पोचला की जोडणीचं यंत्र बंद, दुसऱ्या गुणसूत्राला कुलूप, आणि पेशीच्या काही विभाजनांना मुभा. मग हलकी साखळी, मग तांदूळ: स्वतःच्याच शरीराला चिकटणाऱ्या पेशी काढायच्या.

कोपरखैरणेकर
तांदूळ जमत नाही. खडा कुणी दुरुस्त करत नाही, इथे फेरजुळणीची संधी मिळते. शिवाय स्वतःला हलकेच चिकटणाऱ्या कित्येक मारल्याही जात नाहीत, नुसत्या सुन्न होतात. एपीएमसीच्या दाणा मार्केटात ‘प्रतवारी’ म्हणतात, ती शोभेल.

मासुंदा
प्रतवारीला पुढे जागा आहे. पेशी रक्तातून प्लीहेत (स्प्लीनमध्ये) गेल्यावर संकेताच्या जोरावरच ठरतं, पुटिकेत (ब-पेशींच्या पुंजक्यात) राहायचं की कडेच्या पट्ट्यात. कडेला जाणाऱ्यांना नॉच-२ या दुसऱ्या रिसेप्टरचाही निरोप लागतो.

नौपाडा_वैद्यकी
फलकावर बीटीके येणार असेल तर पालकांच्या कामाचं लिहा. ते जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून बिघाड सहसा मुलग्यांत दिसतो. पूर्व-रिसेप्टरचा निरोप अडतो, पेशी तिथेच खुंटतात. आईकडून आलेली आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) सहाएक महिन्यांत ओसरली की कान, सायनस, फुप्फुसाचे संसर्ग सुरू. टॉन्सिल जवळजवळ नसतात, रक्तात सीडी१९ ही ब-पेशीची खूण असलेल्या पेशी २ टक्क्यांच्या खाली. उपचार म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी वजनाच्या किलोमागे साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम आयजीजी शिरेतून. या मुलांना तोंडातून पोलिओचा डोस द्यायचा नाही, त्यात जिवंत विषाणू असतो. इथे ‘ब-पेशी कमजोर’ लिहू नका. त्या कमजोर नसतात, जवळजवळ नसतातच.

कोपरखैरणेकर
आणि खर्ड्यात आयएल-७ या वाढीचा निरोप देणाऱ्या प्रथिनाबद्दल ‘आयएल-७ शिवाय ब-पेशी बनत नाहीत’ असं असेल तर खोडा. ते उंदरांचं. माणसात आयएल-७ चा रिसेप्टर बिघडला तर टी-पेशी जातात, ब-पेशी रक्तात सापडतात.

पारसिक_टेकडी
होतं. खोडलं. आता तेवता की आधार?

येऊर
ते होईल हो. वर ‘प्लीहा’ कशाला? आपला ‘पानथरी’ शब्द आहे ना.

नौपाडा_वैद्यकी
पानथरी वाढलेल्या प्लीहेला म्हणतात. ‘पोराला पानथरी झालीय’ असं.

येऊर
मुळात अवयवच. ‘पानथरी वाढली’ असंही म्हणतातच की. अवयवच नसेल तर वाढलं काय?

कोपरखैरणेकर
फलकावर ‘पानथरी’ लिहिलंत तर पंचविशीतला वाचक प्लीहाच शोधत बसेल.

येऊर
आणि ‘प्लीहा’ लिहिलंत तर त्याला समजणार आहे?