आई आणि ताई, दोघींची घरी देखभाल : पैसा कुठून आणायचा?

धोटा (अशोक चौक)
आई ७२ वर्षांची. हयातभर विड्या वळल्या, पीएफची पेन्शन महिना हजार. पावसाळ्यात तिची उजवी बाजू गेली. थोरली ताई ४४ ची, जन्मापासून मतिमंद; तिचं सगळं आईच बघायची. आता दोघी माझ्याकडे.

वय वंदना कार्डावर (सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड) दवाखान्याचं निभावलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरी आणलं आणि कार्ड कपाटात गेलं. दिवसपाळीच्या बाईला रोजचे ५००, डायपरचे महिना साडेतीन हजार, फिजिओवाला वेगळा. टॉवेलच्या कारखान्यात माझा पगार २२ हजार. बायको म्हणते, बाई बंद करा, मीच शिलाई सोडते. मशीनवर तिला सातेक हजार सुटतात, म्हणजे हिशेबानं तिचंच बरोबर. पण रात्री दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, रोजच्या चादरी धुवायच्या कशात? तिचीच कंबर गेली तर?
घरच्या देखभालीसाठी सरकारकडून काही मिळतं का ओ?

सातरस्ता
वय वंदनाचे ५ लाख भरती होण्यापुरते. घरच्या बाईचे पैसे त्यात बसत नाहीत. वृद्धाश्रमाची चौकशी केलीत का?

धोटा
केली की. पहिला प्रश्न, "चालत्या-फिरत्या आहेत का?" तिथंच फोन संपला.

ओंकारची आई
दादा, माझा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा, २३ वर्षांचा. तुम्ही आईंच्या खर्चात अडकलाय, पण कागद ताईंचे आधी करा.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर त्यापासून सुरुवात. मग निरामय, ताईंसारख्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा : १ लाखापर्यंत, आणि त्यात भरती न होता ओपीडी, औषधं, थेरपीही बसते. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिना २,५०० आहेत, पण उत्पन्नाची अट वर्षाला ५० हजार. रेशनकार्ड एकत्र असेल तर अर्जाआधी तहसीलला विचारून घ्या.

आणि हे कुणी सांगत नाही : मूल १८ वर्षांचं झालं की आईसुद्धा कायद्यानं आपोआप पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टर ऑफिसच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज लागतो. भाऊही करू शकतो. आई आहेत तोवर करा. पीएफ ऑफिसातही ताईंची नोंद करा. अपंगत्व कायमचं आणि पूर्ण असल्याचं प्रमाणपत्र असेल, तर आईंच्या माघारी मुलांची पेन्शन त्यांना वयाची अट न लागता मिळते.

सातरस्ता
हजार २०१४ साली ठरले, अजून हजारच!

ओंकारची आई
ते आहेच. वहिनींबद्दल विचारलंत म्हणून सांगते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी देखभाल भत्ता लिहिलाय. केरळात आश्वासकिरणम् योजनेत घरी देखभाल करणाऱ्याला महिना ६०० देतात. सहाशेत काय होतं म्हणा, पण तिच्या कामाची सरकारदरबारी नोंद तरी होते.
मशीन सोडू देऊ नका. पूर्ण दिवसाची बाई काढा, सकाळी अंघोळ-पुसणं-चादरींपुरती दोन तासांची लावा. हवेची गादी जुनी मिळते का बघा. कूस बदलावीच लागते, पण पाठ लवकर सोलवटत नाही. आणि रात्रीच्या दोन पाळ्या तुमच्या, वहिनींच्या नव्हेत.

धोटा
रात्रीचं कबूल. पुढच्या आठवड्यात सुट्टी टाकून सिव्हिलला जातो. ताईला शाळेत घातलीच नव्हती, जन्मदाखलाही नाही. वयाचा पुरावा म्हणून आधार चालेल का?