मंद नेटवर रिमोट डेस्कटॉप: सेटिंग बदलू की सॉफ्टवेअर?

धागाकर्ता:
घरून ऑफिसच्या विंडोज पीसीवर रिमोट डेस्कटॉपने काम करतो. एक्सेलमध्ये आकडा टाइप केला की उमटायला वेळ लागतो, स्क्रोल केलं की पान तुकड्यातुकड्याने रंगतं. डाउनलोड ४ एमबीपीएस मिळतो, त्यापेक्षा मोठा प्लॅन इथे नाही. विंडोजचाच क्लायंट (जोडणीचं अ‍ॅप) ठेवू की दुसरं काही टाकू? अशा लाइनवर रोज काम करणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १:
सॉफ्टवेअर बदलण्याआधी पिंग बघा, म्हणजे सिग्नल तिकडे जाऊन परत यायला लागणारा वेळ. नुसत्या एक्सेलला ४ एमबीपीएस पुरतात. तुम्ही की दाबली की ती तिकडे जाते, तिथला पीसी अक्षर काढतो आणि मग ते तुमच्या स्क्रीनवर येतं. म्हणजे दर अक्षरामागे एक पूर्ण फेरी, आणि फेरीचा वेळ क्लायंटच्या कुठल्याही सेटिंगने कमी होत नाही.

एका खिडकीत पिंग सलग चालू ठेवा आणि त्याच वेळी एखादी मोठी फाइल अपलोड करा. आकडा एकदम उसळला तर राउटरमध्ये पॅकेट्सची (डेटाच्या तुकड्यांची) रांग लागतेय. ऑफिसचा अपलोड किती आहे तेही विचारा, कारण तुम्हाला दिसणारी स्क्रीन त्यांच्या अपलोडमधून येते. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

धागाकर्ता:
एरवी पिंग ४५-५० मिलिसेकंद. घरात कुणाच्या फोनचा फोटो बॅकअप सुरू झाला की ८०० च्या वर! ऑफिसचा अपलोड चांगला आहे.

प्रतिसाद १:
मग दुखणं सापडलं. बॅकअप रात्रीवर टाका. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर चालू करून मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. रांग मग राउटरच्या ताब्यात राहते आणि तुमची छोटी पॅकेट्स अडकत नाहीत. लॅपटॉपला लॅन केबल लावा, वायफायमुळे पिंग वरखाली होत राहतो.

प्रतिसाद २:
स्क्रोलचं दुखणं वेगळं, ते सेटिंगने बरंच कमी होईल. क्लायंटच्या 'एक्सपीरियन्स' टॅबमध्ये वॉलपेपर, अ‍ॅनिमेशन आणि खिडकी ओढताना आतला मजकूर दाखवणं बंद करा. बिटमॅप कॅशिंग (आधी आलेली चित्रं साठवून पुन्हा वापरणं) मात्र चालूच ठेवा. प्रिंटर, ड्राइव्ह, आवाज लागत नसतील तर तेही काढा.

सगळ्यात जास्त फरक रिझोल्यूशनने पडतो. १९२० × १०८० ची ३२ बिटची एक फ्रेम कॉम्प्रेशनआधी सुमारे ८३ लाख बाइट्स होते, १२८० × ७२० ची ३७ लाखांच्या आसपास. दोन मॉनिटर असतील तर एकावरच चालवा. रंग १६ बिटवर आणा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण नव्या विंडोजमध्ये ३२ बिटच कधीकधी जास्त सुरळीत चालतं. दोन्ही करून बघा.

शिवाय माउसचं चाक फिरवण्यापेक्षा पेज डाउन वापरा. चाकाने मधली प्रत्येक अवस्था रंगवावी लागते, पेज डाउनने थेट पुढचं पान येतं.

प्रतिसाद ३:
विंडोज ते विंडोज असेल तर आरडीपीच (विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप) ठेवा. व्हीएनसी ही दुसरी रिमोट पद्धत अशा लाइनवर बहुधा जड जाते. एनीडेस्क, रस्टडेस्क ही अ‍ॅप्स सोपी आहेत, पण थेट जोडणी झाली नाही तर सगळं मधल्या रिले सर्व्हरवरून फिरून येतं आणि पिंग वाढतो.

एक गोष्ट आत्ताच तपासा. सेशन चालू असताना वरच्या पट्टीतल्या सिग्नलच्या दांड्यांवर क्लिक करा. यूडीपी (हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबता डेटा पाठवण्याची पद्धत) चालू आहे असं तिथे दिसायला हवं. नसेल तर रिमोट डेस्कटॉपच्या ३३८९ पोर्टचं यूडीपी बहुधा फायरवॉलमध्ये अडलंय. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) टीसीपीवर, म्हणजे हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणाऱ्या पद्धतीवर, चालतंय का तेही बघा. टीसीपीच्या आत टीसीपी गेलं की एक पॅकेट हरवलं तरी दोन्ही थर पुन्हा पाठवायला लागतात आणि स्क्रीन गोठते. व्हीपीएनपैकी वायरगार्ड यूडीपीवरच चालतं, ओपनव्हीपीएन असेल तर त्यात यूडीपी निवडता येतं.

आणि व्हीपीएनने थोडा वेग जातो म्हणून ३३८९ थेट इंटरनेटवर उघडा, असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये सापडलेल्या ब्लूकीप त्रुटीत पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं.

धागाकर्ता:
बॅकअप रात्रीवर टाकला, केबल लावली, रिझोल्यूशन उतरवलं. टाइपिंग आता हाताबरोबर चालतंय. यूडीपी मात्र दिसत नाही, व्हीपीएन टीसीपीवरच आहे. आयटीवाल्यांना आजच मेल करतो. सगळ्यांचे मनापासून आभार.