मदत हवी आहे: जिप्सीच्या इनटेक मॅनिफोल्डवर सुपरचार्जर

राजेहो, जिप्सी किंगला (1.3 लिटर, एमपीएफआय) आयसिनचा एएमआर500 सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा ब्लोअर) बसवतोय. गाडी फक्त शेतात, मातीत चालवायची आहे, त्यामुळे आरटीओचं लेक्चर नको.

इंजिन दर फेऱ्याला साधारण 650 सीसी हवा ओढतं, ब्लोअर त्याच्या एका फेऱ्यात 500 सीसी ढकलतो. इंजिनच्या 1.8 पट वेगानं फिरवला तर कागदावर 0.4 बारच्या आसपास बूस्ट (हवेचा जादा दाब). इथवर ठीक.

घोडं अडलंय मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या भागावर. हिंगणा एमआयडीसीतला वेल्डर म्हणतो, प्लेनम (मॅनिफोल्डचा हवा साठणारा डबा) कापून वर जाड प्लेट टिग वेल्ड करू. पण ओतीव अॅल्युमिनियम, त्यात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं; वेल्डमध्ये छिद्रं राहिली तर? आधी तापवून तेल काढावं का? इंजिनच्या हेडला बसणारी फ्लँज (बोल्टची सपाट पट्टी) उष्णतेनं वाकणारच, मग फेसिंगमध्ये (घासून सपाट करताना) किती मटेरियल काढलं तर इंजेक्टर आणि बोल्टची भोकं जुळतात? वेल्डिंग करतानाच ती जुन्या हेडला कसून ठेवली तर बरं पडेल काय? थ्रॉटल बॉडी ब्लोअरच्या आधी नेतोय, मॅप सेन्सरची (हवेचा दाब मोजणाऱ्या) नळी मात्र मॅनिफोल्डवरच. सेन्सर 2 बारचा आणि ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) वेगळा घेतोय.

इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणारा) जागाच नाही नं. मे महिन्यात आपल्याकडे 45 अंश, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठोका बसणं) होईलच. कॉम्प्रेशन कमी करू की ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन भागेल?

विदर्भात कोणी केलं असेल तर फोटो टाका भाऊ.