मदत हवी आहे: एरोबॅटिक्सच्या विमानात जायरोचा गेन नेमका किती ठेवावा?

सर्वांना नमस्कार. मी साताऱ्याचा असून काही वर्षांपासून रेडिओ कंट्रोल विमाने उडवतो आणि गेल्या दिवाळीपासून प्रिसिजन एरोबॅटिक्सचा (ठरलेल्या हवाई कसरती अचूक करण्याचा) सराव करत आहे. विमान इलेक्ट्रिक आहे. पंखांचा विस्तार दीड मीटर, बॅटरी ६ सेलची. आमचा माळ अगदी उघडा आहे, आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभारल्या त्या काही उगीच नव्हेत, हे दुपारनंतर विमान उतरवताना चांगलेच कळते. आडव्या वाऱ्यात विमान रेषेत राहावे म्हणून मी तीन अक्षांचा जायरो (विमानाचे अनपेक्षित वळणे ओळखून रडरसारखे भाग आपोआप उलट हलवणारे उपकरण) बसवला आणि तो केवळ रेट मोडमध्ये (फक्त वळण्याचा वेग दाबणारा, मूळ दिशेला परत न आणणारा प्रकार) वापरतो.

उतरवताना फायदा झाला, पण अडचण वेगात येते. रडरचा (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचा) गेन, म्हणजे जायरोच्या दुरुस्तीचा जोर, ६० टक्के असताना मंद वेगात विमान शांत राहते. मात्र लूपच्या (उभ्या वर्तुळाच्या) उतरत्या भागात वेग वाढला की शेपूट भराभर डावी-उजवीकडे हलू लागते. गेन ३५ टक्क्यांवर आणला की हे थांबते, परंतु मग उतरवताना जायरो असून नसल्यासारखा होतो. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच वळलेल्या रडरचा जोर चौपट होतो, हे कारण मला समजते. प्रश्न उपायाचा आहे.

जायरोची दिशा तपासली आहे: नाक डावीकडे ढकलले की रडर उजवीकडे जातो. रडरची मागची कड दोन बोटांत धरून हलवली तेव्हा सर्वो (रडर हलवणारी छोटी मोटर) न हलता ती जवळजवळ दोन मिलिमीटर सरकली. पाहतो तर हॉर्नचे (सर्वोची दांडी जिथे रडरला जोडते त्या छोट्या पट्टीचे) भोक झिजून लांबट झालेले. हॉर्न बदलला, ढिलाई गेली, थरथर कमी झाली, पण पूर्ण गेली नाही.

गेन थ्रॉटलशी (मोटरच्या जोराच्या नियंत्रणाशी) असा जोडावा की थ्रॉटल कमी झाला की गेन वाढेल, असे मला सुचवले गेले. मला ते पटत नाही, कारण विमान खाली झेपावते तेव्हा थ्रॉटल कमी असतो आणि वेग सर्वांत जास्त, म्हणजे गेन नेमका नको तिथे वाढेल. त्यापेक्षा तीन स्थितींच्या स्विचवर उतरवण्यासाठी ६०, सरावासाठी ३० आणि स्नॅप रोल (झटक्यात घेतलेली गिरकी) व स्टॉल टर्नसाठी (सरळ वर जाऊन रडरने नाक खाली वळवणे) शून्य ठेवणे योग्य होईल का? स्नॅप रोलमध्ये जायरो माझ्याच स्टिकला विरोध करतो असे जाणवते; ते केवळ गेनमुळे की स्टिकसोबत गेन कमी होण्याची सेटिंग राहून गेली आहे?

शेवटची शंका जास्त महत्त्वाची. एफ३ए (रेडिओ कंट्रोल विमानांच्या एरोबॅटिक्सचा आंतरराष्ट्रीय प्रकार) स्पर्धांत जायरोला परवानगी नाही. पुढे तिथे उतरायचे असेल तर आतापासूनच सराव पूर्ण बंद जायरोवर करावा, की उतरवण्यापुरता तो ठेवल्याने हाताला चुकीची सवय लागत नाही? ज्यांनी दोन्ही प्रकारे सराव केला आहे, त्यांनी कृपया आपला गेन आणि विमानाचा आकार सांगून अनुभव लिहावा.