अर्धांगवायूनंतर उतरलेला खांदा : शस्त्रक्रियेचा विचार शेवटीच का?

कोपरीकर :
माझ्या वडिलांच्या डाव्या हाताची हालचाल झटक्यानंतर वर्ष उलटूनही परतली नाही. खांद्याचा सांधा खाली उतरला आहे आणि खुर्चीत बसवले की वेदना असह्य होतात. स्लिंग, फिजिओथेरपी, विद्युत उत्तेजन असे सगळे करून झाले. बायसेप्स या दंडाच्या पुढच्या स्नायूचा लांब कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) वापरून दंडाचे हाड वर तोलून धरणारी शस्त्रक्रिया आहे. तिचे निष्कर्ष अमेरिकेत 2010 साली प्रसिद्ध झाले. हात कामाचा होणार नसेल तर शस्त्रक्रिया कशाला, हा प्रश्न मला निर्दयी वाटतो, कारण येथे प्रश्न वेदनेचा आहे.

घणसोलीकर (फिजिओथेरपिस्ट) :
वेदनेचाच असेल, तर ती नेमकी कशाची हे आधी ठरवा. सांधा उतरलेला असूनही कित्येकांना काहीच दुखत नाही, तर काहींचे दुखणे ताठरलेल्या स्नायूंचे, आखडलेल्या सांध्याच्या आवरणाचे किंवा फाटलेल्या कंडऱ्याचे असते. ताठरपणा असेल तर बोट्युलिनम या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन किंवा स्नायू सैल करणारी शस्त्रक्रिया अधिक उपयोगी पडते. शिवाय ठाण्यात रिक्षात बसवताना लुळा हात धरून ओढणारे नातेवाईक मी रोज पाहतो. ते थांबले नाही तर कोणतेही उपचार टिकणार नाहीत.

कोपरीकर :
कोपराखालून आधार देऊन हात वर उचलला की त्यांचे दुखणे लगेच कमी होते. म्हणजे दोष सांधा उतरण्याचाच नव्हे का?

घणसोलीकर :
तसे असेल तर तुमची बाजू बळकट आहे, हे मान्य. पण उचलल्यावर बरे वाटणे हा संकेत झाला, निदान नव्हे. एमआरआय आणि ताठरपणाची तपासणी झाल्याशिवाय शस्त्रक्रिया शेवटीच, हा सल्ला मी बदलणार नाही.

वाशीकर :
दोघांच्याही बोलण्यातून शस्त्रक्रियेसाठी द्याव्या लागणाऱ्या भुलीचा मुद्दा सुटला. डेन्मार्कमधील 2014 च्या मोठ्या अभ्यासात झटक्यानंतर साधारण नऊ महिन्यांपर्यंत शस्त्रक्रियेचा धोका ठळकपणे वाढलेला दिसला. येथे तो काळ सरला आहे, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी आणि किती दिवस थांबवायच्या, हे न्यूरॉलॉजिस्टनेच ठरवावे. 2010 च्या त्या अहवालातील रुग्णही मोजकेच होते, त्यामुळे त्यावर फार मोठा निष्कर्ष उभा करू नये. माझा विरोध शस्त्रक्रियेला नाही, ती हमखास मानण्याला आहे. सर्जनला पहिला प्रश्न हाच विचारा की अर्धांगवायूच्या रुग्णांवर ही शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः किती वेळा केली आहे.