ऑपेरा हाउसच्या शिडांवरचा उजेड: माफी की नुसती रोषणाई?

पॅरामॅटाकर
आईबाबा इथे आलेत, म्हणून गेल्या आठवड्यात संध्याकाळी त्यांना सिडनीचं ऑपेरा हाउस दाखवायला नेलं. दिवस मावळला की त्याच्या शिडांसारख्या छपरांपैकी पूर्वेकडच्या शिडांवर 'बाडू गिली' नावाचा प्रकाशाचा खेळ दाखवतात. गडिगल या सिडनीच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत बाडू म्हणजे पाणी, गिली म्हणजे उजेड. २०१७ पासून चालू आहे, फुकट असतं. छपराच्या पांढऱ्या फरशांवर अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी चित्रकारांची चित्रं सरकायला लागतात, पाण्यासारखी वर चढतात, फुटतात. आई पायऱ्यांवर बसून बघत राहिली. बाबा म्हणाले, "छान आहे रे, पण संपलं पण?"

ज्या शिडांवर हे दिसतं त्यांना बेनेलाँग शिडं म्हणतात. बेनेलाँग हा वांगल जमातीचा माणूस. नोव्हेंबर १७८९ मध्ये इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर फिलिप याच्या हुकमावरून त्याला धरून आणलं, पायात बेडी घातली. कशासाठी, तर त्याच्याकडून भाषा शिकायची होती! पुढे मैत्री झाली, याच टोकावर त्याला विटांची खोली बांधून दिली, १७९२ मध्ये इंग्लंडला नेलं. सोबत गेलेला येमेरवानी तिथेच वारला. बेनेलाँग १७९५ मध्ये परत आला, १८१३ मध्ये गेला. आता त्याच्या नावाच्या शिडांवर रोज उजेड पडतो आणि खाली त्याच्याच नावाचं महागडं रेस्टॉरंट आहे.

माझं म्हणणं एवढंच: प्रोजेक्टर बंद केला की शिड पुन्हा पांढरं. इतकी सोयीची माफी मी दुसरी पाहिली नाही. डाग म्हणून पडत नाही. २६ जानेवारीला, म्हणजे इंग्रजांनी इथे वसाहत मांडली त्या 'ऑस्ट्रेलिया डे'ला, पहाटे शिडांवर अ‍ॅबोरिजिनल लोकांचं चित्र, आणि रात्री तिथेच फटाके.

मोरपंखी
पॅरामॅटाकर, तुम्ही शिडं पाहिलीत, नाच पाहिला नाहीत. दोन्ही एका मापाने मोजू नका. बांगारा ही मूळ रहिवाशांची नाचाची कंपनी १९८९ पासून आहे. स्टीफन पेज यांनी ती १९९१ पासून २०२२ पर्यंत चालवली, आता फ्रान्सिस रिंग्ज चालवतात. पेज यांनी २०१७ मध्ये याच बेनेलाँगवर पूर्ण लांबीचा प्रयोग केला. शेवटी त्याच्याभोवती एकेक ठोकळा रचत भिंत चढते आणि माणूस आत बंद होतो. मी सोळा वर्षं भरतनाट्यम शिकवते, रंगमंचावरचं मरण भरपूर पाहिलंय. पण त्या दिवशी टाळी वाजवायला हात उचलेना. याला तुम्ही रोषणाई म्हणणार?

पॅरामॅटाकर
नाही म्हणणार. पण तिकीट काढून बसलेल्या हजार माणसांना रडू आलं, पुढे काय?

शेंडेफळ
पुढे काय ते १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात कळलंच. संसदेला सल्ला देणारी मूळ रहिवाशांची एक समिती घटनेत घालायची की नाही, एवढाच प्रश्न होता. साठ टक्के लोक 'नको' म्हणाले, सहाच्या सहा राज्यांत. त्यातले किती जण नाचाला टाळ्या वाजवून आले असतील!

आणि स्पष्टच बोलतो, आपला यात काय संबंध? आपण २००९ मध्ये आलो, व्हिसाचे पैसे भरले, कर भरतो. कोणाची जमीन आपण हिसकावली नाही. मीही 'नको'च म्हणालो.

होबार्टची_सून
शेंडेफळ, घर घेतलंत ना इथे? मग त्या जमिनीचा सातबारा मागे मागे नेत जा की, कुठे थांबतो बघा. २६ जानेवारीला आपण मंडळात प्रजासत्ताक दिनाचे लाडू खातो आणि पलीकडच्या रस्त्यावर मूळ रहिवाशांचा मोर्चा जातो. तारीख एकच. मी पहिली सात वर्षं लाडू खाऊन घरी आले, मोर्चा कसला हेसुद्धा विचारलं नाही.

बांगाराने २००८ मध्ये 'मथिना' केलं होतं. मथिना म्हणजे आमच्या टास्मानियाची अ‍ॅबोरिजिनल मुलगी. गव्हर्नर फ्रँकलिन आणि त्याच्या बायकोने तिला घरात आणली, तांबडा झगा घातला, १८४२ मध्ये चित्र काढून घेतलं. पुढच्या वर्षी नवराबायको इंग्लंडला जायला निघाले आणि पोर होबार्टच्या अनाथाश्रमात. त्या नाचात तो तांबडा झगा आहे. माझी लेक तेव्हा त्याच वयाची होती, तिचाही एक तांबडा फ्रॉक होता. नंतर मी तो देऊन टाकला.

ताम्हनमळा
इथे पुण्यात बसून दोन पैसे. आमच्याकडे हळदीकुंकवाला वारली चित्राची पिशवी वाण म्हणून देतात. मेट्रोच्या खांबावर वारली, कॉफीच्या मगावर वारली. आरेच्या पाड्यांवर राहणारे वारली २०१९ च्या ऑक्टोबरात झाडं तोडू नका म्हणत उभे होते, तेव्हा त्या पिशव्या कुठे होत्या? पॅरामॅटाकरांशी सहमत. चित्र हवं असतं, माणूस नको असतो.

मोरपंखी
ताई, फरक आहे. पिशवीवरचं वारली कोणीही छापतं. इथे ज्या समाजाची गोष्ट, त्याच्या वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्याकडे राहून मगच बांगारा ती रंगमंचावर आणते.

आणि उजेडाबद्दल. वायव्य किनाऱ्यावरच्या ब्रूम गावातल्या मारुगेकु या नाचाच्या कंपनीचं 'गुदिर गुदिर' बघा, २०१३ चं. डलिसा पिग्राम एकटी नाचते, मागे व्हर्नन आ की यांचे व्हिडिओ. ब्रूमला भरती-ओहोटीत दहा मीटरपर्यंत फरक पडतो. पाणी फिरायच्या वेळी एक पक्षी ओरडतो, तेच हे नाव. ऐकलं नाही तर बुडालात. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ती मासेमारीचं जाळं धरून वर चढते, मागे चेहरे येतात. तिथला पडदा सजावटीचा नाही. तो काढलात तर ती कोणाला हाक मारतेय तेच कळणार नाही.

बँकवाला_निवृत्त
ऑस्ट्रेलियात या सगळ्याला 'रिकन्सिलिएशन', म्हणजे समेट म्हणतात. समेट दोघांच्या भांडणात होतो. इथे एकाने दुसऱ्याचं घर घेतलं, त्याला भांडण कसं म्हणायचं? आम्ही बँकेत एकतीस वर्षं रिकन्सिलिएशन केलं. दोन बाजूंचे आकडे जुळले नाहीत तर रात्री नऊलाही घरी सोडत नसत, मग फरक अकरा रुपयांचा का असेना. पंतप्रधान असताना केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ ला संसदेत मूळ रहिवाशांची माफी मागितली, ती मी टीव्हीवर पाहिली. चांगली होती. पण ती व्हाउचरवरची सही झाली, एंट्री अजून पडायचीय.

शेंडेफळ
काका, एंट्री पाडायची म्हणजे नक्की काय? माझं घर देऊ?

बँकवाला_निवृत्त
घर ठेवा. मत मागितलं होतं, तेही दिलं नाहीत.

पॅरामॅटाकर
काका __/\__

मोरपंखी, बांगाराचा पुढचा प्रयोग कधी आहे ते कळवा. आईबाबा अजून महिनाभर आहेत. बाबांना सहा-सात मिनिटांत संपणारं चालत नाही.